चरबीचं बोट

आत-बाशी, १४ डिसेंबर

आदरणीय सासरेबुवा, आताके,

सलाम. इकडे सगळे बरे आहेत. थंडीचं विचारूच नका. ओढा गोठलाय, घोड्यांना पाणी पाजायला कुऱ्हाडीने बर्फ फोडावा लागतो. सासूबाई, आपल्या आपा, रोज तुमची गादी झटकून परत तिथेच घालतात. "माणसानं लेकीकडे राहायचं तरी किती? तोकमोकच्या पाण्यात साखर घातलीय का?" असं मला विचारतात. मी चहा ओतते.

लांडगा परत आला होता. शेजारच्या शामशीचीच मेंढी नेली त्याने. तुमचा एरमेक म्हणतो, बाबा असते तर...

हे असलं लिहीत बसलेय, कारण खरं लिहायची लाज वाटते.

त्या दिवशी कुरणावर लांडगा समोर उभा होता आणि तुमची गोळी भलत्याच दगडावर लागली. शामशी सगळ्यांदेखत ओरडला, "मर्गेन, आता कोंबड्या राखा!" सगळे हसले. ज्याला अख्खं खोरं मर्गेन म्हणतं, नेमबाज म्हणतं, तो माणूस म्हणाला, "डोळे गेले रे माझे." बंदुकीवरची दुर्बीण उतरवून घरी ठेवलीत, नुसती बंदूक शामशीच्या हातात दिलीत आणि सकाळी गाडीत बसलात. मी चहाची किटली घेऊन तिथेच उभी होते.

डोळे गेलेले नाहीत, आताके. बंदूक खाली घेतलीत तेव्हा दुर्बीण डुगडुगताना मी पाहिली होती. आणि ती मीच तर बसवली होती.

तुम्ही सगळं सांगितलं होतंत. "आटे व्होडकाने पूस, कोरडे कर. एक स्क्रू थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही." मी अगदी तसंच केलं. पण तुम्ही नमाजाला गेलात आणि मला वाटलं, लेकाने एवढी नवी वस्तू आणलीय, चरबीचं बोट लावल्याशिवाय कशी वापरायची? अपशकुनच की! स्क्रू पुन्हा काढले, मेंढीच्या शेपटीची चरबी लावली आणि परत पिळले. छान गुळगुळीत बसले मेले! तुम्ही डब्यावर मारून पाहिलंत, नेम नीट लागला, म्हणून मी खूश. मग घोड्यावरून खडखडत कुरणापर्यंत जाताना सैल पडले असणार.

काल बटण शोधायला शिवणाचा डबा उघडला. तळाशी चिंधीत तेच स्क्रू, स्वच्छ पुसलेले. चिंधीला चरबीचा वास.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! सुनेला कोणी हसू नये म्हणून स्वतःचे डोळे गेले म्हणालात, आणि मी ते खपवून घेतलं.

आज दुपारी शामशीला बंदूक घेऊन बोलावलंय. सगळे जमले की हे पत्र मोठ्याने वाचणार आहे, मगच टपालात टाकीन. हसू देत मला. दुर्बीणही त्यांच्यासमोरच बसवीन, कोरडी.

तुम्ही स्क्रू माझ्याकडे का दिलेत, बारीक काम करताना तुमच्या हाताला कसा कंप सुटतो, ते आपल्या दोघांतच. ही ओळ वाचायची नाही. कोणी विचारलंच तर सांगेन, मीच हट्ट धरला होता. तेवढं एक खोटं तुमच्याकडून शिकले.

या आता घरी. लांडगा तुमची वाट बघतोय.

पुसलेल्या हातांची, तुमची सून,
अनारकुल