घरातला कान

२ जून

‘रस नाही’ असं लिहून गेली ती बाई! मला, आणि शिक्षणात रस नाही!

दुकानात आली होती. बारावीनंतर मुलं कॉलेजात का जात नाहीत, त्याची पाहणी करतात म्हणे. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर गॉगल. ‘पैशांची अडचण? लग्न ठरलंय? लांब पडतं?’ प्रत्येकाला मी नाही म्हटलं. खरंच नाही. सांख्यिकीला प्रवेश मिळालाय, शिष्यवृत्ती मिळालीय, वसतिगृहात जागासुद्धा आहे. वीस तारखेच्या आत जाऊन हजर व्हायचं, एवढंच बाकी. ‘मग अडलंय कुठे?’ — काय सांगणार? बाबा समोरच शिलाईच्या मशीनवर बसून तिच्याकडे बघून गोड हसत होते. तिला वाटलं असेल, किती सज्जन माणूस! आणि परवाच आईनं मला सांगितलंय, ‘बाबा नको म्हणतात. कॉलेजचं खूळ डोक्यातून काढून टाक.’

शेवटी तीच म्हणते, ‘मग रस नाही असं लिहू ना?’ लिहा! काय हवं ते लिहा!

३ जून

बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांना शाळेत कुणी घातलंच नाही, म्हणून लिहिता-वाचताही येत नाही. कापडावर खडूनं रेघा मारतात, तेवढंच त्यांचं लेखन. आमच्या खुणा कुठल्या पुस्तकातल्या नाहीत. मी लहान होते, मशीनखाली चिंध्यांत खेळायचे, तेव्हा आम्ही दोघांनीच त्या बनवल्या. गिऱ्हाईक बोलतं, मी हातांनी सांगते — कंबर सैल हवी, मागच्या वेळी काखेत आवळत होतं, शनिवारी नक्की हवंय. बाबा हातांनी उत्तर देतात, मी ते तोंडानं गिऱ्हाइकाला सांगते.

आई तोंडानं दिवसभर बोलते, पण तिचे हात चहा, जेवण, दार लाव यांच्या पुढे कधी सरकलेच नाहीत. बाकी सगळ्याला ‘सांग गं त्यांना.’ घरभाडं, पाहुणे, रुसवे — सगळं माझ्या हातून!

बाबांनी प्रत्येकाला खुणेचं नाव दिलंय. आईचं नाव म्हणजे बोटांची चोच, उघडझाप करणारी. माझं नाव म्हणजे कानाची पाळी ओढायची. शाळेत किती मिरवायचे मी! आता कळतंय, ते नाव नव्हतं, नोकरी होती. आणि मालक रजा देत नाही!

५ जून

बाबांशी अबोला. आमच्याकडे अबोला धरायचा म्हणजे बघायचंच नाही. मान वळवली की बोलणं संपलं. ते पाय आपटतात, दिवा लावतात-विझवतात. मी ढिम्म.

६ जून

आजही नाही बघितलं. त्यांनी दोऱ्याचं रीळ माझ्या पायाशी फेकलं. उचलून जागेवर ठेवलं आणि पाठ फिरवली.

८ जून

दुकानात गेलेच नाही. आई गेली, आणि काय घोळ घातला! बँकेतल्या साहेबांनी नवे शर्ट आणले होते, बाह्या जराशा तोकड्या करायला. आईनं काय केलं, तर स्वतःच्या कोपराजवळ दोन बोटांची कात्री चालवली. बाबांनी सगळ्या शर्टांच्या बाह्या कोपरापासून उडवल्या! साहेब संध्याकाळी न्यायला आले ते नाचायचेच बाकी. बाबा बिचारे एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा आईकडे बघतायत.

आईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरत नव्हतं, पण हसले नाही. आई माझ्यावरच उखडली — ‘तू असतीस तर झालं असतं का हे? बघितलंस ना, तुझ्यावाचून कसं अडतं?’ वर आत्याचा फोन, ‘अशी लेक मिळायला भाग्य लागतं हो.’ भाग्य यांचं! मग माझ्या वाट्याला काय?

९ जून

वर्गातली सगळी गेली. गणितात माझ्याकडून उतरवून घेणारीसुद्धा गेली. आज तिनं वसतिगृहातल्या खोलीचा फोटो पाठवला. डोकं भणभणलं नुसतं.

११ जून

कपडे वाळत घालत होते आणि एकदम हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

बाबांनी आईला ‘नको’ सांगितलं कसं?

कॉलेज, वसतिगृह, वीस तारीख — यातलं काही आई-बाबा एकमेकांना सांगूच शकत नाहीत. मी मध्ये नसताना त्यांचं बोलणं झालं तरी कधी? मी मूर्ख! इतके दिवस एवढी साधी गोष्ट सुचली नाही!

तशीच दुकानात गेले. बाबांसमोर उभी राहिले आणि बघितलं त्यांच्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच शरम वाटली. मी विचारलं, ‘तुम्ही मला जाऊ नको म्हणालात?’ ते गोंधळले. मग भराभरा हात — ‘मी? चोच म्हणाली, कानालाच जायचं नाही. पुस्तक बंद, मान नाही-नाही. मी म्हटलं, मला सोडून जाववत नसेल तुला. तुला विचारायचं होतं, तू बघतच नव्हतीस!’

आणि फळीखालून एक पिशवी ओढून काढली. सुटाच्या उरलेल्या कापडाची, आत कप्पे, नव्याकोऱ्या चेनसकट. निकाल लागल्या दिवशीच शिवायला घेतली होती म्हणे.

म्हणजे आईनं मला त्यांचं ‘नको’ सांगितलं आणि त्यांना माझं!

१२ जून

आज घरात जे झालं ते झालं. मी आईला सोडलं नाही. ‘खोटं का बोललीस?’ आधी कांगावा केला, मग रडायला लागली. म्हणाली, ‘तू गेलीस की मी कुणाशी बोलू? भिंतींशी? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला तुझ्याशिवाय या माणसाशी धड भांडताही येत नाही!’

‘मग शिकायचं होतंस! मी चिंध्यांत खेळता खेळता शिकले, तुला काय धाड भरली होती?’

‘तू होतीस ना.’

तू होतीस ना! मी काय टेलिफोनची तार आहे, यांच्या दोघांत टांगलेली? असं ओरडले की शेजारची इस्त्रीवाली दारात येऊन गेली. बाबा दोघींच्या तोंडांकडे बघत उभे. आई म्हणाली, ‘सांग त्यांना, माझं चुकलं म्हणावं.’

मी हात पाठीमागे बांधले. ‘तूच सांग.’

तिनं स्वतःच्या कानाची पाळी ओढली आणि दाराकडे दाखवलं. नंतर बोटांची चोच केली, आणि ती चोच मिटली. घट्ट. मिटलेली चोच तशीच धरून त्यांच्यासमोर रडत राहिली.

बाबांना कळलं. माझ्याशिवाय कळलं. त्यांनी तिची मिटलेली बोटं आपल्या हातात घेऊन एक-एक करून उघडली.

मला कणव आली, पण राग गेलेला नाही. जाणारही नाही इतक्यात.

१५ जून

आई दुकानात बसते. बाबा तिला शिकवतात, ती दर खुणेला तोंडानंही बडबडते आणि चुकते. ‘उसव’ म्हणायचं तर ‘ओकारी’ची खूण करते! मी मध्ये पडत नाही. हात शिवशिवतात, पण नाही म्हणजे नाही.

ती पाहणीवाली बाई भेटायला हवी होती. तिला म्हटलं असतं — खोडा ते!

१८ जून

उद्याची बस. पिशवी भरून झाली.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. बाबांनी कानाची पाळी ओढली. मी सवयीनं उठले — ते माझ्याकडे बघतच नव्हते. आई उठून गेली.

डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझं नाव होतं ते! मी विचारलं, ‘मग मी कोण?’

बाबांनी रिकामा तळहात पुढे केला. ‘शिकून ये. नाव मग बघू.’