बरणी क्रमांक सहावरील मजकूर खोटा नसल्याबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
अन्न तपासणी विभाग,
चौथा मजला (लिफ्ट बंद)

विषय : वाळवलेल्या रानअळंबीची जप्त बरणी क्र. ६ व तिच्या चिठ्ठीवरील तीन वाक्यांबाबत.

संदर्भ :
१) आपला जप्ती पंचनामा, दि. २९ जानेवारी
२) आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल, दि. १८ मार्च
३) आपले ‘अखेरची संधी’ या मथळ्याचे पत्र, दि. ३ जून
४) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. (पोच मिळाली, उत्तर नाही.)

महोदय,

१. अर्जदार हा एकाहत्तर वर्षांचा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक आहे. चौतीस वर्षे त्याने लिफ्टच्या खड्ड्यात गुडघे टेकून काम केले. लोक वर गेले, अर्जदाराचे गुडघे खाली राहिले. नोकरी सुटली तेव्हा त्याला घराच्या तीन पायऱ्या चढायला कठड्याचा आधार लागत असे. त्याबद्दल त्याची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

२. अर्जदाराची पत्नी दर सप्टेंबरात रानात जाऊन अळंबी गोळा करीत असे. जाड देठाची, तपकिरी टोपीची, टोपीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखा भाग असलेली ही अळंबी दिसायला भाजलेल्या पावासारखी असते, म्हणून ती तिला पावअळंबी म्हणे. विषारी कोणती आणि खायची कोणती हे तिला तिच्या आईने शिकवले होते. जिच्याबद्दल तिळमात्र शंका येई, ती अळंबी ती जागेवरच सोडून देई. चकत्या करून त्या ती गच्चीवर चादरीवर पसरी आणि कडक उन्हात वाळवी. अर्जदाराला राखणीला बसवलेले असे. अर्जदार तिथे झोपत असे, हेही येथे नमूद करणे योग्य राहील.

दरवर्षी सहा बरण्या होत. पाच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विक्रीस जात आणि त्यांवर फक्त नाव व तारीख असे. सहावी घरी राही. तिच्यावरची चिठ्ठी पत्नी स्वतःच्या हाताने लिही. यंदाची चिठ्ठी अशी :

“तुमच्या गुडघ्यांना. रोज दोन चकत्या. विसरायचं नाही.”

३. ११ जानेवारी रोजी पत्नी वारली. इस्पितळात नेल्यापासून चार दिवसांत आटोपले. नंतर मेहुणी घर आवरायला आली. तिचा हेतू चांगला होता, पण ती आवरायला लागली की काही शिल्लक ठेवत नाही. दुकानदाराकडे द्यायच्या राहिलेल्या दोन बरण्यांबरोबर तिने सहावीही पाठवून दिली. दुकानदाराने चिठ्ठी वाचली नाही आणि बरणी फळीवर मांडली. २९ तारखेला आपले निरीक्षक दुकानात आले. त्यांनी मात्र चिठ्ठी वाचली. यात कोणाचीच चूक नाही, असे अर्जदाराचे मत आहे, आणि नेमकी हीच अडचण आहे.

४. पंचनाम्यात तिन्ही वाक्यांवर स्वतंत्र आक्षेप आहेत. पहिले वाक्य म्हणजे विनापरवाना आरोग्यविषयक दावा. दुसऱ्यात मात्रा दिली असल्याने मालास औषधाचे स्वरूप येते. तिसरे ग्राहकास दिलेला आदेश असून तो नियमांत कोठेच बसत नाही. तिसऱ्याबाबत अर्जदार आपल्याशी सहमत आहे. त्या आदेशाखाली त्याने त्रेचाळीस वर्षे काढली.

बरणी विक्रीची नव्हती, ग्राहक एकच होता आणि तो अर्जदार होता, हे त्याने पहिल्या अर्जात लिहिले होते. दुकानाच्या फळीवर सापडला तो माल विक्रीचाच, असे त्यास खिडकीवर तोंडी सांगण्यात आले. बरोबर आहे.

५. प्रयोगशाळेचा अहवाल अर्जदाराने नक्कल फी भरून मिळवला आणि अनेकदा वाचला. कारण असे की, जानेवारीपासून अर्जदाराला अन्नाची चव लागत नाही, वासही धड येत नाही. डॉक्टरांनी नाक तपासले. नाकात दोष नाही. त्यामुळे स्वतःच्या स्वयंपाकघराला इतकी वर्षे कसला वास होता, हे त्याला अहवालावरूनच समजले. ताज्या अळंबीचा ओलसर, मातकट वास आठ कार्बनच्या एका अल्कोहोलचा असतो. वाळताना तो उणावतो आणि त्याच्या जागी भाजल्यासारखा, सुक्यामेव्यासारखा वास तयार होतो. चवीबाबत अहवालात दोन द्रव्ये दिली आहेत, ग्लुटामेट आणि ग्वानिलेट. त्यातले एकेकटे घेतले तर चव बेताचीच लागते, पण दोन्ही एकत्र आली की ती कितीतरी पटींनी वाढते, असे तिथे लिहिले आहे. एक काढून घेतले तर दुसऱ्याचे काय होते, हे अहवालात दिलेले नाही. ते अर्जदारास विनाखटपट समजले.

पुढे असे नमूद आहे की, उन्हात वाळवल्यामुळे नमुन्यात ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर आढळले आणि ते हाडांस उपयुक्त असते. मात्र ‘तुमच्या गुडघ्यांना’ हा विशिष्ट दावा यावरून सिद्ध होत नाही. कारण नमुना तपासला गेला, गुडघे तपासले गेले नाहीत. ते तपासावेत असा अर्ज अर्जदाराने एप्रिलमध्ये केला होता. (संदर्भ ४ मधील तिसरा.) प्रयोगशाळेत माणसे घेत नाहीत, असे कळले.

६. आपल्या ३ जूनच्या पत्राने अर्जदारापुढे दोन मार्ग ठेवले आहेत. एक, दावा खरा असल्याचा पुरावा द्यावा. दोन, सोबतच्या नमुन्यात ‘सदर चिठ्ठीवरील मजकूर खोटा व दिशाभूल करणारा आहे’ असे स्वयंघोषणापत्र सही करून द्यावे. म्हणजे चिठ्ठी काढून बरणी त्याच दिवशी परत मिळेल. दोन्ही न केल्यास बरणी ३० जून रोजी सकाळी दहा वाजता मालकाच्या समक्ष नष्ट करण्यात येईल.

खिडकीवरच्या कारकून बाई भल्या आहेत. त्यांनी अर्जदाराला बसायला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिले आणि हळूच म्हणाल्या, “काका, सही करून टाका ना. कागदच आहे. आणि काकू काही वाचायला येणार नाहीत.”

त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. अर्जदाराने पेन काढले होते. टोपणही काढले होते. दहा मिनिटे तो तसाच बसून राहिला आणि मग पाठीमागे रांग झाली म्हणून उठला.

७. सबब, अर्जदार पहिला मार्ग पत्करून पुरावा सादर करीत आहे. पुरावा आपल्याच कार्यालयात आहे. खाली गेटवर रखवालदार आल्याची वेळ लिहितो. वर चौथ्या मजल्यावर शिपाई पुन्हा वेळ लिहितो. दोन्ही नोंदवह्या सरकारी आहेत, दोन्ही ठिकाणी अर्जदाराची सही आहे आणि दोन्ही घड्याळे एकमेकांशी जुळतात. ते अर्जदाराने पाहून घेतले आहे. त्या नोंदींप्रमाणे अर्जदारास चार मजले चढण्यास लागलेला वेळ असा :

५ फेब्रुवारी, बरणी जप्त झाल्यानंतर सातवा दिवस : सहा मिनिटे.
२६ फेब्रुवारी : नऊ.
२ एप्रिल : चौदा.
१४ मे : एकोणीस. (दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो.)
८ जून : सव्वीस. (दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही मजल्यांवर.)

या काळात पायऱ्या वाढलेल्या नाहीत. त्या शहाऐंशीच आहेत. वयामुळे असे होते, असा आक्षेप येईल; परंतु माणसाचे वय चार महिन्यांत चौपट होत नाही. चकत्या बंद झाल्या आणि गुडघे पूर्वपदावर गेले, एवढेच या नोंदी सांगतात. अर्जदाराने यात स्वतःच्या पदरचे काही घातलेले नाही.

८. आपली लिफ्ट फेब्रुवारीपासून बंद आहे. तिच्या दाराचा स्विच गेलेला आहे. दुसऱ्या मजल्यावर बसले असता आवाजावरून ते कळते. काम पाऊण तासाचे आहे आणि अर्जदाराने ते फुकट करून देण्याची तयारी दाखवली होती, पण त्यासाठी निविदा काढावी लागते असे समजले. आता अर्जदाराची उलट विनंती आहे की, वरील नोंदी प्रमाणित होईपर्यंत लिफ्ट दुरुस्त करू नये. दुरुस्त झाल्यास पुरावा गोळा होणे थांबेल.

९. शपथेवर लिहायचे तर पूर्ण लिहावे, म्हणून पुढील बाब अर्जदार लपवू इच्छित नाही. रोज सकाळी पत्नी दोन चकत्या भिजवून सूपमध्ये घालीत असे. वाटी रिकामी झाली की ती चपला घालून दारात उभी राही आणि म्हणे, “खाल्लंत ना? मग चला आता.” तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. अर्जदार कुरकुर करी. पाय दुखतो, पाऊस येईल, बातम्या लागतील. तिच्यापुढे एकही सबब टिकत नसे. सहा वर्षे असे चालले आणि सहा वर्षांत कठडा सुटला.

तेव्हा गुण अळंबीचा की तिच्या तगाद्याचा, हे अर्जदारास सांगता येत नाही. तगादा तपासण्याचे यंत्र आपल्या प्रयोगशाळेत नसावे. बरणी आणि ती एकाच महिन्यात गेल्यामुळे दोन्ही वेगळे काढून पाहण्याची सोयही उरलेली नाही. यामुळे पुरावा कमकुवत होतो, याची अर्जदारास जाणीव आहे.

मेहुणीची तक्रार आहे की, अर्जदार अजून रडला नाही. ही तक्रार खरी आहे. रडण्यासारखे कोठेतरी असेल, पण ते हाताला लागत नाही. सकाळी तो उठतो, चहा करतो, कप धुतो. दारात कोणी उभे नसते, म्हणून बसून राहतो. आपल्या कार्यालयाच्या तारखा असतात त्या दिवशी मात्र तो बाहेर पडतो.

१०. बरणी परत मिळावी अशी अर्जदाराची फार इच्छा होती. तिच्या हातची शेवटची वस्तू तेवढीच उरली आहे. तिच्यात अजून एकशे ऐंशी ग्रॅम अळंबी आहे, आणि प्रत्येक चकती तिने कापलेली आहे. परंतु बरणी घरी आणून ती खोटे बोलली होती असे लिहून द्यायचे आणि मग रोज दोन चकत्या खायच्या, हे अर्जदाराला जमणार नाही. तो घास घशाखाली उतरणार नाही. ती अनेक बाबतीत हट्टी होती. खोटी नव्हती.

तरी विनंती की,

अ) गेट व चौथा मजला येथील नोंदी प्रमाणित करून या प्रकरणात जोडाव्यात.

आ) त्या पुरेशा वाटत असल्यास बरणी चिठ्ठीसह परत करावी.

इ) पुरेशा वाटत नसल्यास बरणी नियमाप्रमाणे नष्ट करावी. अर्जदार हरकत घेणार नाही. फक्त नष्ट करण्याचे कारण लिहिताना ‘मजकूर खोटा’ असे न लिहिता ‘पुरावा अपुरा’ असे लिहावे, आणि चिठ्ठी अर्जदारास द्यावी. ती खाण्याची वस्तू नसल्याने आपल्या विभागाच्या कक्षेत येत नसावी.

स्वयंघोषणापत्राचा नमुना सही न करता परत करीत आहे.

३० जूनला सकाळी दहाला समक्ष हजर राहण्याचे आपल्या पत्रात कळवले आहे. अर्जदार हजर राहील. तो गेटवर साडेनऊलाच नोंद करील.

आपल्या पायऱ्यांवर आता ओळखीचा झालेला,
नम्र अर्जदार
(सही)
निवृत्त लिफ्ट मेकॅनिक

दि. १२ जून

सोबत :
१) बरणी घरात होती त्याबद्दल मेहुणीचा जबाब. (तीन पाने. अर्धे पान बरणीबाबत, उर्वरित अर्जदाराच्या जेवणाबाबत.)
२) पाच भेटींच्या वेळांचा तक्ता, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.
३) मागील वर्षाची रिकामी सहावी बरणी, चिठ्ठीसह, हस्ताक्षर ताडून पाहण्यासाठी. मजकूर तोच आहे. कृपया परत करावी.
४) स्वयंघोषणापत्र, कोरे.