अर्धे भरलेले कडे

मी, अ‍ॅग्नेस लासिलू, सारस कुळातली, कै. लॉयड लासिलू यांची पत्नी, राहणार झुनी, वय चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळे तेवढे नाहीत, म्हणून ओळी वरखाली गेल्या तर समजून घ्यावे. सिस्टर इमेल्डांनी शाळेत पट्टी मारून सरळ लिहायला शिकवले होते. हे पाहून त्यांना वाईट वाटले असते. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही.

१. आम्हा झुनी लोकांत घर बाईचे असते आणि ते आईकडून मुलीकडे जाते. माझी मुलगी मरिएटा दोन वर्षांपूर्वी गेली. फिरोज्याचे खडे घासताना उडणारी धूळ तिच्या छातीत बसली होती. म्हणून घर माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी अर्डेला हिला द्यावे. अंगणातली पावाची भट्टी दर वसंतात मातीने लिंपावी. तिला तडे गेलेले मला आवडत नाहीत.

२. बँकेतली शिल्लक आणि गाडी माझा मुलगा डेल्बर्ट याला. तो गॅलपला बायकोच्या घरी राहतो. या घरावर त्याचा हक्क नाही आणि तो सांगणारही नाही. गाडीचे डावे दार आतून उघडत नाही. ते कोणी बिघडवले हे त्याला ठाऊक आहे.

३. लॉयड यांची ऐरण, हातोड्या, चिमटे आणि माझे खडे घासायचे चाक अर्डेलाला. लॉयड यांचा ठसा मात्र नाही. चांदी ते घडवायचे, खडे मी आणि मरिएटा घासायचो, आणि दागिन्यामागे ठसा त्यांच्या एकट्याच्या नावाचा उमटायचा. मला कधी काही वाटले नाही. मरिएटाला वाटे. "आई, बाबांचं नाव मागे आणि आपले डोळे पुढे," असे ती हसत म्हणायची. तो ठसा माझ्याबरोबर पुरावा.

४. आता कड्याविषयी. ही लॉयड यांची शेवटची चांदी. तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही टोकांना निमुळती कोंदणे, रांगेमागून रांग. प्रत्येक हाताने वळवलेले, त्यामुळे एकासारखे दुसरे नाही. खडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा, घासायचा, कोंदणात बसवून पाहायचा, पुन्हा घासायचा. बसला नाही तर चांदी वाकवायची नाही. अर्ध्या रांगा मरिएटाने भरल्या. मग तिला चाकासमोर बसवेना.

तिच्या पाठोपाठ माझी नजर अधू झाली. कडे तसेच राहिले. गेल्या वर्षी अर्डेला पुडीत तयार खडे घेऊन आली.

"मावशी, सगळे कापून आलेत. आठवड्यात कडं पुरं करते."

"हे खडे नव्हेत. रंगवून चिकटवलेला चुरा आहे."

"बघणाऱ्याला कुठे कळतंय?"

"लॉयडना कळेल."

"काका गेले, मावशी. मरिएटापण गेली. तिचा खोकला मी भिंतीपलीकडून ऐकलाय. मला ती धूळ खायची नाही."

"मग दुसरा धंदा बघ," मी म्हणाले, आणि तिला दारापर्यंत पोचवायलाही उठले नाही. त्यानंतर दर शनिवारी ती दाराशी भट्टीतला पाव ठेवून जायची. मी तो खात होते आणि बोलत नव्हते.

मागच्या महिन्यात ती आत आली. गळ्यात कापडी मुखपट्टी लोंबत होती, बाह्या भिजलेल्या. चाकावर पाण्याची धार सोडून, धूळ उडू न देता, तिने एक खरा खडा घासला होता. मरिएटाने सोडलेल्या जागेच्या पुढच्याच कोंदणात तिने तो बसवला.

"अंगठा फिरव."

मी फिरवला. कुठे कड लागली नाही.

"किती दिवस लागले गं?"

"विचारू नकोस. नवऱ्याला वाटलं, मी पळूनच गेले."

मी हसले. तिच्या हाताला हात लावला. ती गेल्यावर दार लावून घेतले आणि पुन्हा अंगठा फिरवत बसले. माझ्या मुलीचा हात कुठे थांबला, ते अंगठ्याला सापडेना.

५. म्हणून कडे अर्डेलाचे. राहिलेली कोंदणे तिने खऱ्या फिरोज्याने भरावीत. पाणी चालू, मुखपट्टी तोंडावर. खोकला लागला तर त्याच दिवशी थांबावे आणि कडे अर्धेच राहू द्यावे. तिचा खडा मी सुईने उचकटून पुडीत ठेवला आहे. ते काही तिच्या कामाला नावे ठेवण्यासाठी नव्हे. तो घासून तिने एक कोंदण सोडून त्याच्या पुढच्यात बसवावा. मधले कोंदण कायमचे रिकामे ठेवावे. गॅलपचे व्यापारी त्याला खोट म्हणतील, म्हणोत. मरिएटा तिथपर्यंत आली होती.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. मला मान्य आहे.

सही: अ‍ॅग्नेस लासिलू

आमच्यादेखत सही झाली. साक्षीदार:
१. सिस्टर थेक्ला, मिशन शाळा
२. वर्नन पेनकेटेवा, शेजारी

झुनी, न्यू मेक्सिको, १४ ऑक्टोबर १९९३