अर्धाच शिकवलेला ड्रॉप बॉल

सर, लिवन्यात चुका होतीन, माफ करजा. मोबाइलवर एकाच बोटानं टाइप करून राह्यली, लय वेळ लागते. तुमी वारल्यावर वर्षभरानं मी नववीतच शाळा सोडली.

एक गोष्ट पाच वर्षांपासून मनात आहे. यवतमाळले सॉफ्टबॉलची निवड चाचणी होती, मी बॉल घेऊन उभीच होती. तुमी आले, माह्या हातातून बॉल काढला अन् म्हटलं, "तू आज नाही टाकत. बस तिकडं." अन् माह्या जागी तुमची भाची उभी केली. काहून, ते सांगतलं नाही. मी बी विचारलं नाही, मले कोनाले काही विचारताच येत नोतं. ड्रॉप बॉल तुमी मले अर्धाच शिकवलता, "बाकीचं मंग पाहू" म्हणून. मले तवाच वाटलं, बाकीचं भाचीसाठी राखून ठेवलं असन.

आता माह्या काकाची पोरगी सातवीत आहे, ती बी बॉल टाकते. येत्या ऐतवारी दारव्ह्याले तिची चाचणी आहे. तांड्यामागच्या पडीत वावरात मी तिले ड्रॉप बॉल शिकवून राह्यली. बॉल बॅटजवळ येऊन असा खाली बसला पाहिजे का मारनारीची बॅट हवेतच फिरली पाहिजे. तिचा बसते बी. पन परवा तिच्याजवळ बामचा वास आला.

"काय लावलं वं?"

"याडीचं डोकं दुखत होतं, चोळून देल्लं."

"तुही याडी, माही काकी, सकाळपासून कापूस वेचाले गेली. अन् वास त तुह्या कोपराले येऊन राह्यला."

मंग रडली. बॉल सोडतानी मनगट पिळून राह्यलती. मी म्हटलं, हे कोनं शिकवलं तुले? त म्हणे, "तूच त तशी टाकते, दीदी."

सर, मी लाजून सदा मांगच उभी राहो. तुमचा हात मी पाठीमागूनच पाह्यला, अन् मांगून ते पिळल्यासारखंच दिसे. माहं बी कोपर तवा ठनके. कोनाले सांगतलं नाही.

तिले म्हटलं, मनगट सोड. बोंडातून कापूस ओढतो ना, तशी बोटं बॉलच्या मांगून सरळ वर ओढ. दहातले सहा बॉल बसले. पन कोपर दुखूनच राह्यलं. म्हणून काल मी तिच्या हातातून बॉल घेतला. "ऐतवारी तू नाही टाकत."

 ती म्हणे, "तुले पाहवत नाही ना, मी समोर गेलेली?"

आता तुमालेच विचारते. तवा तुमाले माहं कोपर दिसलं होतं का? का भाचीच दिसली? कोपर दिसलं असन, त एक शब्द सांगाचा होता. तुमच्यावर अजून बी पुरा भरोसा बसत नाही माहा. कारन बॉल घेतानी मले तिचं कोपर दिसतच होतं, पन ती जानार नाही याचं थोडं बरं बी वाटलं. हे तिले नाही सांगतलं.

तुमच्या नंबरवर आता दुसऱ्याच कोनाचा फोटो दिसते, म्हून हे पाठवत नाही.

आमच्या बकरीनं आज तीन पिल्लं देल्ली. तिन्ही जिवंत आहेत.