चारशे एकोणीस शब्द

सावली,
ता. ९ ऑक्टोबर १९५३

ती. देवाजीभाऊंस,

धाकट्या कमळाचा शि. सा. न. वि. वि. तुम्ही पाठवलेले कात्रण पोचले. नागपूरच्या त्या शिक्षकी वर्गाची कल्पना मोठी गमतीची आहे. ए, ई, आर, टी ही चारही अक्षरे ज्यांत येतात असे इंग्रजी शब्द गोळा करायचे. ज्याचे जास्त, त्याला वर्षभर फुकट शिक्षण, राहणे-जेवणे आणि पुढे शाळेत नोकरी. बाबांनी मला चांद्याच्या शाळेतून दहावीत काढले, तेव्हापासून माझ्या इंग्रजीची कोणी चौकशी केली नव्हती.

आतापर्यंतचा हिशेब असा, की फादर बसतो, डॉटर बसते, ब्रदर बसत नाही. त्यात ए नाही. रागावू नका.

यांनी दुसरी बायको आणल्यापासून मी इथे माहेरी आहे. बाबा म्हणतात, संक्रांत झाली की तुले पोचवून देतो, पहिला हक्क तुझाच हाय. शकुआत्या रोज विचारते, काऊन वं, बापाघरचा भात लयच गोड लागून राह्यला का. नागपूरला जागा मिळाली तर पाठवणार नाही, असे बाबांनी कबूल केले आहे. मिळणार नाही याची त्यांना खात्री आहे म्हणून.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती तशीच ठेवा.

आपली,
कमळा

गोंडपिपरी,
ता. २६ ऑक्टोबर १९५३

चि. सौ. कमळीस देवाजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. ब्रदर बसत नसला तरी तो कामाला लागला आहे. रेंजरसाहेबांचा कोश मागून आणला. एसच्या पुढचा भाग वाळवीने खाल्ला आहे, तो तू डोक्यातून काढ. डेपोत लाकडांवर नंबर घालता घालता मी सतरा शब्द काढले. ट्रकवाल्या वहाबने कार्ब्युरेटर सांगितला. मग रेडिएटर सांगितला. त्यात ई निघेना, तर म्हणतो, एवढ्या मोठ्या गाडीत एक ई नाई का. दोन दिवस रुसला होता.

फॉर्म माझ्याकडे आहे. तू यादी पाठव, मी शाईने उतरवून रजिस्टर करतो. प्रकृतीला जप.

तुझा,
देवाजी

सावली,
ता. १८ नोव्हेंबर १९५३

ती. भाऊंस शि. सा. न.

वि. वि. सोबत यादी आहे. चारशे एकोणीस. धान राखायला मचाणावर बसते, तिथे पोपट हाकलता हाकलता झाले. धानाच्या रोवणीत बाई ओळ धरून मागे सरकते, तसे केले. शेवटचे टी-ई-आर पक्के धरायचे आणि त्यांच्या आधी एकेक अक्षर लावत जायचे. शेताची ती बांधी संपली की दुसरी. वहाबभाईंचा शब्द घेतला आहे, त्यांना सांगा.

मला रात्री झोप चांगली लागते, भाऊ. वर्षभरात पहिल्यांदा. फॉर्म नीट भरा. तुमच्या हाती सगळे सोपवून निश्चिंत आहे.

आपली,
कमळा

गोंडपिपरी,
ता. २८ डिसेंबर १९५३

चि. सौ. कमळीस आशीर्वाद.

वि. वि. आपली यादी पहिली आली. दहा जानेवारीला नागपूरला समोर बसवून चाचणी घेणार आहेत.

एक गोष्ट झाली आहे. रेशनकार्ड, शेताचा सारा, बाबांचा अर्ज, घरचा कुठलाही कागद मी माझ्या नावाने भरतो, हे तू जाणतेस. हा फॉर्मही तसाच भरला गेला. पाकीट बंद होईपर्यंत ध्यानात आले नाही. आता नाव बदला म्हटले तर यादीच रद्द करतील अशी भीती वाटते. मी जाऊन जागा घेतो. मास्तर झालो की वर्षाने तुला बोलावून घेईन.

राग धरू नकोस.

देवाजी

सावली,
ता. २ जानेवारी १९५४

ती. भाऊंस नमस्कार.

वि. वि. तुमचे पत्र बाबांनी वाचले आणि गावात पोहे वाटले. आमचा देवाजी मास्तर होऊन राह्यला म्हणतात. शकुआत्या मला म्हणाली, पाह्य, याले म्हणते डोकं.

माझ्याजवळ वर्ष नाही. संक्रांतीला बारा दिवस आहेत. तुम्ही नागपूरच्या लोकांना एवढेच सांगा, की शब्द बहिणीचे आहेत. यादी रद्द झाली तर होऊ द्या. पण सांगा.

कमळा

गोंडपिपरी,
ता. १७ जानेवारी १९५४

चि. कमळीस,

जाऊन आलो. त्यांनी नवी अक्षरे दिली, ओ, आय, एन, एस, आणि अर्धा तास दिला. मला मिशन, स्टेशन धरून अकरा शब्द सुचले. परीक्षक म्हातारे होते. हळूच म्हणाले, यादी दुसऱ्या कोणाची असेल तर सांगा, आम्ही त्यांनाच बोलावू. खोलीत वीसेक माणसे होती. मी म्हणालो, माझीच आहे.

का म्हणालो ते अजून कळत नाही. जागा दुसऱ्याला गेली. बाबांना मी आजारी पडलो असे कळवले आहे. तूही तसेच सांग, म्हणून हे पत्र वहाबच्या हाती पाठवतो.

देवाजी

सावली,
ता. २४ जानेवारी १९५४

ती. देवाजीभाऊंस,

तुम्ही सांगितले तसेच बाबांना सांगितले. त्यांनी दोन दिवस तुमच्या तब्येतीची काळजी केली.

पत्रातली ती चार अक्षरे काल शेण थापताना मनात आली. गवऱ्या संपेपर्यंत एकशे सहा झाले. लिहून ठेवले नाहीत.

बुधवारी बाबा मला बैलबंडीने पोचवतील. त्या घरी आलेले पत्र आधी हे वाचतात, मग चुलीत घालतात. म्हणून पत्र पाठवू नका. तुम्ही घ्यायला याल असे वहिनींनी कळवले आहे, येऊ नका. आलात तर मला सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडावे लागेल.

कमळा