चिमणीचा झालरीचा फ्रॉक

तीर्थरूप मावशीस, घरातल्या पहिल्या पदवीधराचा वाकून नमस्कार. (पदवी मिळाल्यापासून मला वाकता येत नाही असं बाबा म्हणतात. ते तुझ्या कानावर येण्याआधी हा नमस्कार पोचावा.) तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याने त्याचं पाहून काही शिकून घेतलं नसेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आई दोन दिवस झाले कुणाशी बोलत नाही, एवढं सोडलं तर. पत्र सहज लिहिते आहे, काही मागायचं आहे म्हणून नाही, हे कृपया ध्यानात ठेव.

आपली धाकटी चिमणी मात्र सध्या गावभर गाजते आहे. जन्मली तेव्हा दोन किलोही भरली नव्हती म्हणून तूच तिला चिमणी म्हणालीस. आता ती नव्वद किलो डोक्यावर धरते, तरी नाव बदलायला कुणी तयार नाही. मी तिच्याच वेटलिफ्टिंग क्लबच्या कचेरीत पत्रव्यवहार बघते, त्यामुळे तिथला कारभार मला आतून माहीत आहे. बायकांच्या स्पर्धेतला रॉड पंधरा किलोचा असतो आणि मुठीत मावेल एवढा बारीक. पुरुषांचा वीस किलोचा आणि जाड. क्लबात पुरुषांचे चार आहेत, बायकांचा एकही नाही. मुलींना सरावाची वेळ दुपारी एक ते तीन, कारण तेव्हा छताचा पत्रा तापतो आणि पुरुष फिरकत नाहीत. यावर मी नऊ पानी अर्ज केला. (त्यात ‘न्याय’ हा शब्द चौदा वेळा आला, हे मी नंतर मोजलं. थोडा जास्त झाला.) कमिटीने तीन महिने विचार केला आणि मुलींसाठी भिंतभर आरसा मंजूर केला. आता त्या आरशासमोर संध्याकाळी पुरुष दंड फुगवायला रांग लावतात, आणि मुली अजून जाड रॉडवर तळहात सोलून घेतात.

तर, परवा क्लबचा वार्षिक समारंभ होता. अध्यक्षांचं (लाकडाच्या वखारीचे मालक, मनाने वाईट नाहीत) म्हणणं असं पडलं की मुलीने वजन कितीही उचलावं, पण ती मुलगी दिसली पाहिजे. म्हणून पुरुषांनी नेहमीच्या पोशाखात उचलायचं आणि चिमणीने फिकट गुलाबी, झालरीच्या, घट्ट बाह्यांच्या फ्रॉकमध्ये. मी विरोध करायला हवा होता. पण मुलींच्या रॉडचा ठराव कमिटीपुढे त्याच आठवड्यात यायचा होता, आणि मी तिला तत्त्वासाठी झालर सोसण्याविषयी बरंच काही ऐकवलं. मापं मी स्वतः घेतली, दंडाचा घेर दोनदा मोजला, आणि चिठ्ठी शिंप्याकडे पोचवली. फ्रॉक आला तो दंडात तीन इंच आणि पाठीत चार इंच कमी. शिंपी म्हणे, मुलीचं एवढं माप कुठे असतं का. आता वेळ उरला नव्हता. चिमणीने तो आपल्या सरावाच्या पोशाखावर कसाबसा चढवला आणि ती लाकडी बाहुलीसारखी स्टेजवर गेली.

पुढचं तू ओळखलंच असशील. रॉड छातीपर्यंत आला तोवर फक्त कुरकुर होती. डोक्यावर गेला आणि फ्रॉक काखेपासून कमरेपर्यंत उसवला, दोन्ही बाह्या उघडल्या, एक बटण पाहुण्यांच्या पाण्याच्या ग्लासात पडलं. आत पूर्ण पोशाख होता, म्हणजे दिसण्यासारखं नवीन काहीच नव्हतं. पण सगळी कमिटी सभ्य माणसं! सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. कोचनेही घातली. आता नियम असा आहे की इशारा मिळेपर्यंत वजन वर धरून ठेवायचं, आणि समारंभात तो इशारा द्यायचा कोचने. तो आपले बूट बघत होता. चिमणी नियम मोडत नाही. ती नव्वद किलो धरून उभी, झालर लोंबते आहे, आणि एवढे मोठे लोक जमिनीवर काहीतरी सांडल्यासारखे खाली बघताहेत. मी विंगेत होते, पण मला काही सुचेना. (नऊ पानं सुचतात, एक शब्द सुचत नाही, हा माझा दोष मला मान्य आहे.) शेवटी तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

“चिमणे, ठेव खाली! मेल्यांना डोळे नाहीत.”

ती आई होती. जी आजवर तिची एकही स्पर्धा बघायला आलेली नाही, आणि जिला हे नियम कुणी शिकवले कुणास ठाऊक. चिमणीने वजन ठेवलं, आईला मान लववली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण घरी आल्यापासून आईचं तोंड बंद. रॉडचा ठरावही पुढे ढकलला. कमिटी म्हणते आधी पोशाखाचा निर्णय होऊ दे.

असो. गुडघ्याला जप. काकांना नमस्कार.

तुझी,
मोठी भाची

ता. क. पंधरा दिवसांनी निवड स्पर्धा आहे, परगावी. चिमणी तिथे निवडली गेली तर तिला मोठ्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळेल, आणि तिथे बायकांचे रॉड आहेत. मुलीबरोबर वडीलधारी बाई असल्याशिवाय क्लब तिला पाठवत नाही. मुलांना सोबत लागत नाही. (गेल्या वर्षी त्यातले दोघे चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी उतरले होते.) मी चालत नाही, कारण माझं लग्न झालेलं नाही. माझी एक लग्न झालेली वर्गमैत्रीण, जी अजून एकटी रस्ता ओलांडत नाही, ती चालते. आईने दोन दिवसांत तोंड उघडलं ते ‘मला ते पुन्हा बघवणार नाही’ एवढं म्हणायला. मावशी, तू येशील का?

ता. क. २. सोबतीच्या फॉर्मवर तुझं नाव मी कालच लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त मेट्रन’ असं ठळक लिहिलंय, म्हणजे कुणी वाद घालणार नाही. खोटं मी कधी लिहीत नाही, म्हणून लवकर येऊन तुझं नाव तिथे खरं कर.

अक्का, थोरलीने पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, ते मी उघडलं. तू येऊ नकोस, गुडघा सांभाळ. मीच जाते. फॉर्मवर तुझं नाव खोडून माझं घातलं आहे, पोरीला अजून माहीत नाही. तिने शिंप्याला उगाच बोल लावला. मापं कमी करायला मीच सांगून आले होते, मुलीचा एवढा दंड बघून लोक काय म्हणतील म्हणून. ते लोक काय म्हणतात ते पाहिलं मग मी तिसऱ्या रांगेत बसून. हे मुलींना कळू देऊ नकोस, मीच सांगेन केव्हातरी, वाटेत गाडीत सांगेन बहुतेक. यांच्या चार दिवसांच्या जेवणाचं काय, असं मनात आलं होतं. ते यांच्यावरच सोपवलं आहे. काल विचारत होते, आपल्याकडे तांदूळ कुठे असतात. चोवीस वर्षं झाली लग्नाला. शोधतील.