‘उसवण’ची उजवी बाजू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसाठ, धंदा सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा नव्याने भरून शिवून देण्याचा, आज माझे डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करते. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या ह्यांचे म्हणणे, असा दाखला लग्नाच्या वेळीच जोडायला हवा होता. ते वाक्यही राहू द्यावे. माणूस इतकी वर्षे माझा आरडाओरडा सोसत आला, त्याला माझ्या मृत्युपत्रात एक वाक्य तरी मिळावे.

आत्ताच का, तर माझ्या स्नायूंना आजार लागला आहे. आधी डाव्या हाताची बोटे गेली, आता उजवा हात ढिला पडत चालला आहे. पुढे पाय आणि शेवटी श्वास. डॉक्टरबाई हे सांगताना फार गोड गोड बोलायला लागल्या, तेव्हा मी म्हटले, "बाई, आतला फोम किती दबलाय ते सांगा. कापडाचा रंग नका सांगू." मग त्यांनी सरळ सांगितले की वर्ष, फार तर दोन. म्हणून हा मजकूर मी तोंडाने सांगते आहे आणि लेक टाईप करते आहे. वकीलबाई शेजारी बसून मध्ये मध्ये "असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत" म्हणत आहेत. त्यांचे काम त्या करतात, माझे मी.

कलम एक. राहते घर माझ्या आणि ह्यांच्या नावावर आहे. माझा हिस्सा माझ्या पश्चात ह्यांना जावा, आणि त्यांच्यानंतर सगळे घर लेकीला. त्यात कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. फक्त मागच्या खोलीविषयी थोडे लिहावे लागेल.

मागच्या खोलीच्या चारही भिंतींना गिऱ्हाइकांच्या सोफ्यांतून काढलेला जुना फोम लावलेला आहे, दाराला आतून गादी ठोकलेली आहे आणि खिडकी एका मोटारीच्या मागच्या सीटने बंद केली आहे. त्या खोलीत मी मेटल संगीत करते. वकीलबाईंनी विचारले, "म्हणजे भांडी वाजवता?" नाही. मेटल म्हणजे गिटारचा आवाज करवतीसारखा खरखरीत करून घ्यायचा, ड्रम असे वाजवायचे की कोणी कपाट जिन्यावरून ढकलून दिल्यासारखे वाटावे, आणि गाणाऱ्याने गायचे कमी, गुरगुरायचे जास्त. इतर लोक हे चार-पाच जण मिळून करतात. मी एकटी करते. आधी ड्रम, मग बेस म्हणजे खर्जातली गिटार, मग गुरगुर, मग साधी गिटार, असे एकेक वाजवून कॉम्प्युटरवर थरावर थर चढवते. माझ्या या एकटीच्या बँडचे नाव ‘गंज’. गाणी इंटरनेटवर असतात. ऐकणारे मूठभर, पण कुठल्या कुठल्या देशांतले. त्यांतल्या एकाने मोठ्या आदराने विचारले होते, "दादा, तुमची दाढी किती लांब आहे?" मी कळवले, "अजून फुटायची आहे."

तर या खोलीतला फोम माझ्या पश्चात निदान वर्षभर काढू नये. नंतर ह्यांना तिथे झाडे ठेवायची असतील तर ठेवावीत. ते बिचारे कधीपासून त्या खिडकीच्या उन्हावर डोळा ठेवून आहेत.

कलम दोन. दुकानातले शिवणयंत्र, स्टेपलगन, वाकड्या सुया आणि मोठी कात्री माझ्या हाताखाली तयार झालेल्या शिवणारीला द्यावी. कात्रीने कागद कापायचा नाही. कापलास तर मी जिथे असेन तिथून उठून येईन, हे तिला नीट वाचून दाखवावे.

कलम तीन. बँकेत जे काही आहे ते ह्यांचे. किती आहे ते बँकेला ठाऊक आहे, इथे आकडा लिहून चारचौघांत शोभा नको.

कलम चार. कॉम्प्युटर आणि त्यातली ‘गंज’ची सगळी गाणी लेकीला. तिला हे संगीत आवडत नाही. लहानपणी मैत्रिणींना ती सांगायची, "आमच्याकडे पंप बसवलाय, त्याचा आवाज आहे." तरीही एकही गाणे पुसायचे नाही. ऐकले नाहीस तरी चालेल, बाळा, पण असू दे. (लेक इथे टाईप करायची थांबली आहे. डोळे पूस आणि पुढे चल. अजून बरेच सांगायचे आहे.)

कलम पाच. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना माझ्याकडून काहीही देऊ नये. इतकी वर्षे त्यांनी झाडूच्या दांड्याने खालून छत ठोकले. एकदा ते ठोकणे रेकॉर्डिंगमध्ये आले आणि बरोबर तालात आले, म्हणून मी गाण्यात तसेच ठेवले आणि वादकांमध्ये ‘झाडू: खालचे मास्तर’ असे छापले. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी झाडू खाली ठेवला आणि "पुन्हा लावा, ऐकू द्या," म्हणाले. माझ्यामागे त्यांना शांतता आपोआप मिळणार आहे, तेवढी पुरे. मला अग्नी देताना मात्र कोणी मंद बासरी लावली तर माझ्या आत्म्याला शांती मिळणार नाही आणि मी ती तुम्हालाही मिळू देणार नाही.

कलम सहा. हे मुख्य कलम आहे. बाकीची नसती तरी चालले असते.

माझे शेवटचे गाणे ‘उसवण’. शिवण सुटत जाते तसे माणूस सुटत जाते, असे ते गाणे आहे. ड्रम झाले, बेस झाला, गुरगुर झाली. गिटारची डावी बाजू झाली आणि त्याच आठवड्यात बोटांनी संप पुकारला. उजवी बाजू राहिली.

वकीलबाईंसाठी खुलासा: मेटलमध्ये तीच गिटार दोनदा वाजवतात. एकदा वाजवलेली डाव्या कानात, पुन्हा पहिल्यापासून वाजवलेली उजव्या कानात. सूर तेच, ठोके तेच, हातही तोच, पण माणसाच्या हातून दुसऱ्यांदा केसभर फरक पडतोच. त्या केसभर फरकामुळे दोन गिटारींच्या मध्ये जागा तयार होते आणि सगळे गाणे त्या जागेत उभे राहते. लेक म्हणाली, "आई, डावी बाजूच कॉपी करून उजवीकडे टाकू ना. कोणाला कळणार आहे?" मला कळेल. तिला हेडफोन लावून ऐकवले. कॉपी केली की दोन्ही आवाज मिळून एकच होतो आणि मध्ये येऊन बसतो, बाजू उरतच नाहीत. ऐकल्यावर तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

उजवी बाजू वाजवायला माझ्यासारखा हात हवा, आणि तसा हात माझ्या माहितीत एकच आहे. माझा पाठचा भाऊ, आम्ही त्याला बारक्या म्हणतो. आमच्या दोघांत मिळून एक गिटार होती. मी वाजवायला शिकले आणि मी त्याला शिकवले. मनगट वर उचलले की मी फूटपट्टी मारायची. त्यामुळे त्याचे मनगट माझ्यासारखेच पडते, कोपर तसेच राहते. आमचा चौघांचा बँड होता तेव्हा मी डावीकडे आणि तो उजवीकडे, आणि लोकांना वाटायचे एकच माणूस वाजवतोय. मला तेव्हा हातोडी म्हणत.

मग आमचे पहिले रेकॉर्डिंग ठरले. वर्षभर सराव केला होता. त्या सकाळी बारक्या पहिल्या गाडीने परगावी निघून गेला. नोकरी लागली होती. मला बोलला नाही, आईजवळ निरोप ठेवला: "ताईला सांग." दुपारपर्यंत वाट बघून ड्रमवाला आणि बेसवाला घरी गेले. मी नाही गेले. मी डावी बाजू वाजवली आणि मग, रडत रडत, उजवीही वाजवली. तेव्हापासून दोन्ही बाजू माझ्याच.

आई गेली तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुला समोरून सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस." त्यावर मी जे बोलले ते कोणत्याही कायदेशीर कागदावर लिहिता येणार नाही. त्यानंतर कुठे समोरासमोर आलो तर "बरी आहेस?" "बरी आहे." संपले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आम्ही दोघेही एकाच सुंभाचे.

सबब, ‘उसवण’ या गाण्याची उजवी बाजू मी माझ्या धाकट्या भावाला देते. ती त्याने मागच्या खोलीत बसून, माझ्या काळ्या गिटारवर, स्वतःच्या हाताने वाजवून पूर्ण करावी. त्याने नाकारल्यास गाणे तसेच एका कानाचे राहू द्यावे, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

वकीलबाईंनी इथे हरकत घेतली की जी बाजू अजून वाजवलेलीच नाही ती मिळकत कशी होईल? मी म्हटले, "बिल्डर जमिनीवर वीट नसताना फ्लॅट विकतात, तेव्हा तुम्हीच ना कागद करता?" त्या हसल्या आणि लिहू दिले.

माझ्या आजाराची बातमी बारक्याला मी गेल्यावरच कळवावी, अशी लेकीला सक्त ताकीद आहे. मी जिवंतपणी हाक मारणार नाही. आणि खरे सांगायचे तर, मी हाक मारली आणि तो आला नाही तर ते मला सोसवणार नाही. मेलेल्या माणसाला नकार ऐकावा लागत नाही. हे गाणे मला अर्धे राहू द्यायचे नाही, एवढेच.

पुरवणी, सहीच्या दिवशी सांगितलेली. लेकीने वरची ताकीद ज्या दिवशी टाईप केली त्याच दिवशी मोडली, असे आज उघडकीला आले.

साक्षीला मास्तर वेळेआधीच मागच्या खोलीत येऊन बसले होते. दुसरा साक्षीदार आमचा फोमवाला. त्याचा फोन आला, गाडी बंद पडली, आज जमत नाही. घोडे अडले. एवढ्यात बेल वाजली, ह्यांनी दार उघडले, तर दारात बारक्या. डोक्यावरचे केस गेलेले, पोट आलेले.

"बरी आहेस?"

"दिसत नाही का? मरायला टेकलेय."

"ते दिसतंय. तोंड बरं आहे का, विचारत होतो."

वकीलबाई म्हणाल्या, "चला, दुसरा साक्षीदार मिळाला." मग त्यांनीच जीभ चावली. "नाही, यांना चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीची सही केली तर त्याला दिलेलं रद्द होतं."

"मला काय मिळतंय?" बारक्याने विचारले.

लेकीने कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. त्याने कलम सहा वाचले, वर जाऊन पुन्हा वाचले. मी खिडकीच्या सीटकडे बघत बसले, कारण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"मी सही केली तर हे रद्द? ताई गेल्यावर मला ही बाजू मिळणार नाही?"

"नाही मिळणार," वकीलबाई म्हणाल्या.

"मग पेन द्या."

मी म्हटले, "जा. तेव्हाही असाच गेलास. निदान आज तोंडावर सांगतोयस."

"अगं बाई, ऐकून तर घे!" तो ओरडला. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. "तू गेल्यावर मी या खोलीत एकटा बसून कोणासाठी वाजवू? चुकलो तर शिव्या कोण देणार? मला वारसाहक्कानं नकोय. द्यायची तर आत्ता दे."

"बोटं बघ तुझी, लोण्यासारखी झालीत. महिना महिना रोज यावं लागेल."

"येईन."

"मनगट उचललंस तर फूटपट्टी मारीन."

"हात कुठे हलतोय तुझा?"

"मास्तर मारतील. सवय आहे त्यांना ठोकायची."

मास्तर म्हणाले, "अवश्य." मग मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. लेकीने विचारले, हे लिहायचे का. लिही, म्हटले.

तेव्हा कलम सहा रद्द करण्यात येत आहे. त्यात वर्णिलेली उजवी बाजू मृत्युपत्र करणारीने आपल्या हयातीत, आज, सर्वांसमक्ष दिली आहे. बाकीची कलमे कायम.

सही वाकडी आहे, पण माझी आहे. ती करताना बारक्याने माझे मनगट खालून धरले होते, जोर त्याने लावलेला नाही, असे वकीलबाईंनी नोंदवून घेतले आहे.

ठिकाण: मागची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो.

मृत्युपत्र करणारी: (सही) ‘गंज’ची हातोडी, सोफे शिवणारी.

साक्षीदार पहिला: (सही) खालच्या मजल्यावरचे मास्तर, झाडूवादक.

साक्षीदार दुसरा: (सही) मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ. या मृत्युपत्राने त्याला काहीही मिळत नाही.